स्वभावाचे खण आणि कथेतली माणसे

कथालेखनाची हौस असलेली तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे येतात. पूर्वी त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "कथानक सुचते कसे?" अलीकडे प्रश्न बदलला आहे. "पात्राचा टाइप आधी ठरवावा का हो?" टाइप म्हणजे चार रोमन अक्षरे. मोबाइलवर प्रश्नावली सोडवली, की माणूस सोळांपैकी कोणत्या खणात बसतो ते कळते म्हणे! मग नायिकेच्या वतीने ती सोडवायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. उलट गंमत अशी, की ही प्रश्नावली घडविणारी अमेरिकन गृहिणी इझाबेल मायर्स ही आधी कादंबरीकार होती. १९२८ साली तिकडे रहस्यकादंबऱ्यांची एक स्पर्धा लागली. 'एलरी क्वीन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोघा नातलगांची कादंबरी पहिली आल्यात जमा होती. तोच मासिकाचे दिवाळे वाजले, नव्या मालकांनी निर्णय फिरवला आणि साडेसात हजार डॉलरांचे बक्षीस इझाबेलबाईंच्या 'मर्डर येट टू कम'ला मिळाले. त्यांच्या मातुःश्री कॅथरीन ब्रिग्ज चरित्रे वाचून माणसांच्या स्वभावांची वर्गवारी करीत असत. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचा १९२१ चा ग्रंथ पुढे इंग्रजीत आला, तो त्यांच्या हाती पडला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायलेकींनी ही प्रश्नावली रचली.

तिच्यात चार जोड्या आहेत. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख? समोरचा तपशील टिपणारा, की त्यामागचा अर्थ शोधणारा? तर्काने निर्णय घेणारा, की माणसांची मने पाहून? सारे आधी ठरविणारा, की वेळ येईल तसे पाहणारा?

नवशिक्या लेखकाला याचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. त्याची सारी पात्रे बहुधा त्याच्याच डोक्याने विचार करतात. नावे निराळी, पोशाख निराळे, पण रागावतात सारी सारखीच! समजा, चार भावंडांना कोकणातले वडिलोपार्जित घर विकायचे आहे. थोरला घरपट्टीच्या पावत्या तारखेवार लावून बसेल. धाकटा येणाऱ्या पैशांतून अजून न काढलेल्या धंद्याची स्वप्ने रंगवील. बहिणीला एकच घोर, आईला हे सांगायचे कोणी? आणि चौथा कोणाशी न बोलता परसात जाऊन विहिरीत डोकावत उभा राहील. घर एकच, पण चौघांना ते चार तऱ्हांनी दिसते. एवढे जरी या जोड्यांनी शिकविले तरी लेखकाचे काम झाले.

पण एवढ्याने कथा होत नाही. टाइप सांगतो तो माणसाचा सोपा रस्ता. तो रस्ता बंद होतो तेथे कथेला तोंड फुटते. पावत्या लावणाऱ्या त्या थोरल्याचा हात नेमका सहीपाशीच का अडखळला? याचे उत्तर चार अक्षरांत मिळत नाही. ते लेखकालाच शोधावे लागते.

आपल्याकडे ही वर्गवारी नवी नाही. नाट्यशास्त्राने नायकांचे चार प्रकार केले. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे एकामागून एक मोजली. तरीही, धीरोदात्त म्हणून ज्याचा दाखला द्यायचा तो राम भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त सीतेच्या आठवणीने मूर्च्छित होईपर्यंत शोक करतो. भवभूतीला शास्त्र ठाऊक नव्हते थोडेच! धीरोदात्त पुरुष रडतो, म्हणूनच ते रडणे आपल्या काळजाला भिडते.

खुद्द मानसशास्त्रज्ञही या सोळा खणांविषयी साशंक आहेत. तोच मनुष्य काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली सोडवितो आणि पुष्कळदा दुसऱ्याच खणात जाऊन बसतो. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. म्हणून आजचे अभ्यासक खणांऐवजी पाच गुणांचे कमीअधिक प्रमाण मोजणे पसंत करतात.

आणि हे केवळ लेखकांपुरते नाही, वाचकहो. घरोघरी आपण हे खण पाडतच असतो. "थोरली समंजस, मधला हूड, धाकटा आमचा घुम्या." पाहुण्यांसमोर हे कौतुकाने सांगितले जाते, आणि मूल ते मुकाट्याने अंगावर वागवते. समंजस ठरलेल्या मुलीला हट्ट करता येत नाही. घुम्या ठरलेल्याला काही सांगायचे असले, तरी कोणी थांबून ऐकत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मी एक साधा अभ्यास देतो. पात्राचा टाइप खुशाल ठरवा. मग त्याखाली एक ओळ लिहा : 'हा माणूस अमुक गोष्ट कधीही करणार नाही.' आणि तो ती कोणत्या दिवशी, कोणासाठी करील याचा विचार करीत बसा. दिवाळीला घर माणसांनी भरलेले असेल. हा अभ्यास करायला वही-पेन्सिलही लागत नाही. घरच्या घुम्याशेजारी चकलीची ताटली घेऊन अर्धा तास बसले तरी सुरुवात होते.