खडकीच्या जमिनीची चाचणी आताच हवी

मुळा नदीच्या काठी, खडकीत, 1869 पासून दारूगोळा तयार होत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच हाय एक्स्प्लोजिव्ह फॅक्टरी उभी राहिली. लष्करी वाहनांच्या मोठ्या दुरुस्तीचे 512 आर्मी बेस वर्कशॉपही खडकीतलेच. देहूरोडला डेपो आणि कारखाना, पाषाण-सुतारवाडीच्या बाजूला एचईएमआरएल आणि एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळा, लोहगावला हवाई दलाचा तळ. देशाच्या सुरक्षिततेसाठी पुण्याने आपली जमीन, पाणी आणि माणसे दिली आणि त्याचा या शहराला सार्थ अभिमान आहे. म्हणूनच या कारखान्यांखालच्या मातीत आणि पाण्यात दीडशे वर्षांत काय झिरपले, हे विचारण्याचा पहिला हक्क पुण्याचा आहे. तो प्रश्न आज विचारला नाही, तर उत्तर शोधण्याची वेळ हातची जाईल.

हा प्रश्न आताच का, याला कारणे आहेत. 2024-25 मध्ये देशातील संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आणि निर्यात 23,622 कोटींवर पोहोचली. जगभर युद्धे पेटली असताना तोफगोळ्यांची आणि काडतुसांची मागणी वाढतच जाणार. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड पुण्यातूनच चालते. उत्पादन वाढेल तसे स्फोटके धुतलेले पाणी, आम्लाचा गाळ, वापरलेली विद्रावके आणि मुदत संपलेला दारूगोळाही वाढेल. दुसरीकडे कॅन्टोन्मेंटमधील नागरी वस्त्या महापालिकांकडे सोपवण्याची प्रक्रिया सुरू आहे. लष्करी हद्दीतली जमीन उद्या रस्त्याला, शाळेला, गृहसंकुलाला लागणार आहे. तिच्या पोटात काय आहे, हे हस्तांतराच्या कागदावर लिहिलेले असायला हवे.

स्फोटकांचे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही. टीएनटी तयार करताना आणि भरताना निघणाऱ्या पाण्याला लालसर-गुलाबी झाक येते आणि टीएनटी बऱ्याच अंशी मातीला धरून राहते. आरडीएक्सचे तसे नाही. ते मातीत फारसे अडकत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि भूजलात दूरवर जाते. अग्निबाणांच्या इंधनातले अमोनियम परक्लोरेट तर पाण्यात सहज विरघळते आणि शरीरात गेले की थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. वाहनांच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढणारी क्लोरीनयुक्त विद्रावके आणि विमानतळांवरच्या अग्निशामक फेसातली 'पीएफएएस' ही रसायने निसर्गात दशकानुदशके टिकतात.

आता आपण पाण्याची तपासणी कशी करतो ते पाहा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस 10500, त्याची 2012 ची आवृत्ती. त्यात नायट्रेट आहे, फ्लोराइड आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशके आहेत. आरडीएक्स, टीएनटी, परक्लोरेट आणि पीएफएएस यांना त्यात जागा नाही. प्रयोगशाळेत नेलेला बोअरच्या पाण्याचा नमुना 'पिण्यास योग्य' असा शेरा घेऊन परत येतो, तेव्हा या चार गोष्टींबद्दल त्या शेऱ्याला काहीच म्हणायचे नसते. जे यादीत नाही ते तपासले जात नाही आणि जे तपासले जात नाही ते नाहीच, असे धरून आपण चाललो आहोत. बावधन, बाणेर, पाषाणपासून लोहगाव, वाघोलीपर्यंतची किती संकुले बोअर आणि टँकरवर जगतात, हे पुणेकरांना सांगायला नको. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा कुठे विहिरी, आरओ प्रकल्प आणि टँकर तपासण्याची धावपळ झाली. माणसे व्हेंटिलेटरवर गेल्यावर पाणी तपासायचे, हा क्रम पुन्हा चालणार नाही. रसायनांचा आजार तर जंतूंसारखा आठवड्यात दिसतही नाही.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड इथे लष्करी सरावभूमीखालच्या भूजलात आरडीएक्स सापडले. तेच भूजल त्या भागाच्या पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत होते. 1997 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सैन्याला गोळीबाराचा सराव थांबवायला लावला. त्यानंतर सुरू झालेले पाणी उपसण्याचे, गाळण्याचे आणि परत सोडण्याचे काम दशकानुदशके चालू राहिले. आपल्याच देशात, केरळमधील आलुवा इथल्या अमोनियम परक्लोरेट प्रकल्पाच्या आसपासच्या विहिरींत परक्लोरेट आढळले. तेही सीएसआयआरच्या तिरुवनंतपुरम येथील शास्त्रज्ञांनी मुद्दाम शोधले म्हणून. तो प्रकल्प अवकाश संशोधनाचा होता, हेतू देशहिताचाच होता. विहिरीला हेतू कळत नाही.

केप कॉडच्या आधीच अमेरिकी संरक्षण खात्याने एक शहाणपणाचे पाऊल उचलले होते. 1990 मध्ये पर्यावरण संशोधनासाठी एक कार्यक्रम आणि 1995 मध्ये त्याला जोडून दुसरा, केवळ तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी. या दुसऱ्या कार्यक्रमाचे काम नेमके आहे. प्रयोगशाळेत यशस्वी झालेली पद्धत प्रत्यक्ष लष्करी तळावर, खऱ्या प्रदूषित जमिनीवर चालवून पाहायची. किती प्रदूषक कमी झाले, किती खर्च आला आणि कुठे अपयश आले, याचा अहवाल सर्वांसाठी खुला करायचा. औषध परीक्षानळीत चालले म्हणून ते थेट रुग्णाला देत नाहीत, मधल्या चाचण्या कराव्याच लागतात. जमिनीच्या उपचारालाही हाच नियम आहे आणि या मधल्या टप्प्याला कुणी पैसे देत नाही म्हणून जगभर उत्तम संशोधन कपाटात पडून राहते.

त्या निधीतून काय उभे राहिले याचा एकच दाखला पुरे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आरडीएक्स पचवणाऱ्या जिवाणूची जनुके एका गवतात घातली. त्या गवताची लागवड न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या लष्करी तळावर करून, ते जमिनीतले आरडीएक्स मोडते, हे त्यांनी 2021 मध्ये सिद्ध केले. अनेक वर्षांच्या प्रयोगशाळेतल्या कामाला प्रत्यक्ष जमीन मिळाली ती या प्रात्यक्षिकाच्या पैशांमुळे.

आपल्याकडे पैसे नाहीत असे म्हणायची सोय नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी आणि त्यात संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेसाठी (डीआरडीओ) 26,816 कोटी रुपये होते. तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला 50 कोटींपर्यंत मदत मिळते. 2018 मध्ये सुरू झालेल्या 'आयडेक्स'मधून नवउद्योगांना दीड कोटीपर्यंत, पुढच्या टप्प्यात 10 कोटींपर्यंत आणि 'अदिती' योजनेतून 25 कोटींपर्यंत अनुदान मिळते. ड्रोन, रडार, संवेदक, दारूगोळा यांसाठी या योजनांनी चांगले काम केले आहे. पण लष्करी जमिनीच्या आणि पाण्याच्या शुद्धीकरणाच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेला वाटा त्यांत नाही. डीआरडीओच्या त्या तरतुदीतला अर्धा टक्का म्हणजे सुमारे 134 कोटी रुपये. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी 2016 मध्ये मंजूर झालेल्या, जपानी अर्थसाहाय्याच्या जायका प्रकल्पाची मूळ किंमत 990 कोटी होती आणि त्यातली अकरा केंद्रे घरगुती सांडपाण्यासाठी आहेत. स्फोटकांची नायट्रो संयुगे मोडणे हे त्या केंद्रांचे काम नाही. नदी स्वच्छ करण्यावर हजार कोटी खर्च करणाऱ्या शहरासाठी या दुसऱ्या प्रदूषकावर 134 कोटींचा देशव्यापी निधी मागणे म्हणजे अवाजवी मागणी नव्हे.

आपल्याला हे जमते, याचाही पुरावा घरातच आहे. सियाचेनच्या बर्फात मैला कुजत नाही म्हणून डीआरडीओच्या ग्वाल्हेर आणि तेजपूरच्या प्रयोगशाळांनी थंडीत काम करणाऱ्या जिवाणूंची जैवपाचक टाकी तयार केली. ती आधी जवानांच्या चौक्यांवर चालवून पाहिली आणि मग भारतीय रेल्वेच्या हजारो डब्यांत बसली. जैवशौचालय हे लष्करी गरजेतून निघालेले, प्रत्यक्ष तळावर सिद्ध झालेले आणि सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेले पर्यावरण तंत्रज्ञान आहे. 1982 मध्ये मसुरीच्या खाणींनी उजाड झालेल्या डोंगरांवर झाडे लावण्यासाठी प्रादेशिक सेनेची पर्यावरण तुकडी उभी राहिली. मराठवाड्यातही अशी तुकडी काम करते आहे. जमीन बरी करण्याची इच्छा आणि शिस्त सैन्याकडे आहे. तिला पैसा आणि नियम यांची जोड द्यायची आहे.

आणि यासाठी पुण्याइतकी योग्य जागा देशात शोधून सापडणार नाही. स्फोटकांचे रसायनशास्त्र एचईएमआरएलला माहीत आहे. हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मजीवांसाठी आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गिरिनगरला संरक्षण तंत्रज्ञानाचे अभिमत विद्यापीठ. भूजलाचा अभ्यास करणारी 'ॲक्वाडॅम' याच शहरात आहे. परदेशी यंत्र आणून बसवले की काम झाले, असेही इथे होणार नाही. अमेरिकेतल्या अनेक प्रात्यक्षिकांची जमीन वाळूची आणि गाळाची होती. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यात पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून वाट काढते, कुठे अडते तर कुठे एकदम पळते. प्रदूषके मोडण्यासाठी जमिनीत पुरलेली, वाळूत चालणारी लोखंडाच्या चुऱ्याची झिरपभिंत बेसॉल्टच्या भेगेत चालेलच असे नाही. टीएनटी शोषून घेण्याची क्षमता वाळ्याच्या मुळांत असल्याचे परदेशातल्या अभ्यासांत दिसले आहे. तो वाळा खडकीच्या मातीत आणि पुण्याच्या पावसाळ्यात काय करतो, हे खडकीतच लावून कळेल.

दिरंगाईची किंमत महाराष्ट्राने रक्तानेही मोजली आहे. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर विदर्भातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि अधिकाऱ्यांसह अनेक जवान व अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. सदोष सुरुंगांमधून झिरपणाऱ्या टीएनटीची चर्चा तेव्हा झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याच परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी होते. मुदत संपलेला दारूगोळा उघड्यावर उडवणे किंवा जाळणे ही जुनी पद्धत माणसांनाही घातक आणि मातीलाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने 2018 च्या अखेरीस दिलेल्या अहवालात बहुतेक सर्व पारंपरिक दारूगोळ्यासाठी बंदिस्त पर्याय उपलब्ध असल्याचे म्हटले. बंदिस्त स्फोटकक्षाचे एक प्रात्यक्षिक विदर्भात झाले, तर पुढच्या वेळी एखाद्या गावातला मजूर संध्याकाळी घरी परतेल.

गुप्ततेचा आक्षेप येणार, याची आम्हाला कल्पना आहे. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. कारखान्यात किती गोळे बनतात, कोणते मिश्रण वापरतात हे गुप्त राहायलाच हवे. पण कुंपणाबाहेरच्या विहिरीत एका लिटरमागे किती मायक्रोग्रॅम आरडीएक्स आहे, या आकड्यातून शत्रूला काही मिळत नाही. जे पाणी नागरिक पितो त्याचा आकडा नागरिकाला कळलाच पाहिजे. जवानांची आणि कामगारांची कुटुंबेही त्याच परिसरात राहतात, हे विसरू नये.

जुलै 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. संशयित जागांची यादी करणे, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करणे आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च उचलणे, ही चौकट आता कायद्यात आहे. जिथे प्रदूषण करणारा सरकारचाच कारखाना असेल, तिथे हा खर्च कोणत्या खात्यातून निघेल, हे आधी ठरले नाही तर फाइल एका मंत्रालयातून दुसऱ्यात फिरत राहील आणि तोवर पाणी पुढे सरकेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. येत्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाने पर्यावरण तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी स्वतंत्र निधी ठेवावा आणि त्याचे अहवाल खुले करावेत. पहिली स्थळे खडकी, देहूरोड आणि पुलगाव असावीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी येत्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर या परिसरांतील भूजलाची, मुळा, पवना आणि रामनदीच्या पाण्याची स्फोटके, परक्लोरेट व पीएफएएससाठी तपासणी करावी. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याच्या यादीत ही नावे घालावीत. लष्करी जमिनीचा एकही तुकडा मातीच्या चाचणीच्या अहवालाशिवाय नागरी वापरात जाऊ नये. चाचणीत काही सापडले नाही, तर आम्ही ते पहिल्या पानावर आनंदाने छापू. सापडले, तर उपचार लगेच सुरू करता येईल. आज ही चाचणी काही कोटींत होते. भूजलात पसरलेले विष काढायला पुढच्या पिढीला किती पैसे आणि किती वर्षे लागतील, हे केप कॉडने दाखवून दिले आहे. पुण्याच्या खासदारांनी आणि आमदारांनी पुढच्या अधिवेशनात हा विषय मांडावा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नये.