धाकट्या पिल्लाला मासा कोणी द्यायचा?

घरट्यावर लावलेला कॅमेरा ही गेल्या वीसेक वर्षांतली फार छान सोय आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या उंच खांबावर ऑस्प्रेचं घरटं असतं आणि आपण इथे चहा पिता पिता त्यात डोकावतो. पण या सोयीबरोबर एक प्रश्न येतो, आणि तो साधारण जून महिन्यात हमखास येतो. घरट्यात तीन पिल्लं आहेत. नर मासे कमी आणतोय. थोरलं धाकट्याला टोची मारून मागे ढकलतंय आणि धाकटं दिवसेंदिवस मलूल होत चाललंय. हजारो लोक हे बघत असतात. मग त्यांच्यापैकी कुणीतरी विचारतंच, "अरे, कॅमेरा लावता येतो, मग एक मासा टाकता येत नाही?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. टाकू नये. पण हे मत 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' या छापाचं नाही. ते वाक्य मला आळशी वाटतं. ते म्हटलं की पुढे काही विचार करावा लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑस्प्रे हा जवळजवळ फक्त मासे खाऊन जगणारा शिकारी पक्षी. आपल्याकडे तो हिवाळ्यात येतो. भिगवणला उजनीच्या पाण्यालगत वाळक्या फांदीवर एकटाच बसलेला पुष्कळांनी पाहिला असेल. पाण्यावर घिरट्या घालतो, हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात! वर येतो तेव्हा मासा तोंड पुढे करून धरलेला असतो, म्हणजे उडताना हवेचा अडथळा कमी. पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं, तळव्याला बारीक काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही सुटत नाही. पण उजनीवर दिसतो तो एकटा जीव. त्याचा संसार दूर उत्तरेकडे असतो. तो बघायचा तर तुम्हा-आम्हाला कॅमेऱ्याशिवाय पर्याय नाही.

आता या संसाराचं गणित बघा. मादी साधारण तीन अंडी घालते, तीही एका दिवशी नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. आणि सगळी अंडी होईपर्यंत न थांबता उबवायला बसते. त्यामुळे सदतीसेक दिवसांनी पहिलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा तिसऱ्याला अजून काही दिवस बाकी असतात. नर दिवसभर मासेमारी करतो, बऱ्याचदा डोकं स्वतः खातो आणि उरलेला मासा घरट्यावर आणून देतो. मादी त्याचे बारीक तुकडे करून भरवते. ज्याची मान आधी पुढे येते त्याला आधी घास. मासे भरपूर असले की थोरलं खाऊन पेंगतं, मग मधल्याचा आणि धाकट्याचा नंबर लागतो आणि तिघंही सात-आठ आठवड्यांत उडतात. मासे कमी पडले की धाकटं जातं.

बघायला हे भयंकर आहे, पण यात एक हिशोब आहे. अंडी घालताना मादीला ठाऊक नसतं की जूनमध्ये पाऊस किती असेल, पाणी किती गढूळ होईल, मासे किती मिळतील. तिन्ही पिल्लं एकाच वयाची असती आणि अन्न दीड पिल्लापुरतंच असतं, तर तिघंही अर्धपोटी राहून मेली असती. वयातल्या फरकामुळे निदान एक-दोन तरी धडधाकट निघतात. धाकटं पिल्लू म्हणजे साल चांगलं निघालं तरच वसूल होणारी रक्कम.

तुम्ही म्हणाल, हिशोब ठीक आहे हो, पण डोळ्यांसमोर जीव जातोय त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या आवारात असाच कॅमेरा होता. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन उन्हाळे तिथली मादी पिल्लांना भरवण्याऐवजी टोचायला लागली. बघणाऱ्यांनी संस्थेला पत्रांवर पत्रं लिहिली, काहींनी अगदी खालच्या थराला जाऊन. २०१६ साली संस्थेने कॅमेराच सुरू केला नाही. मला त्या रागावलेल्या लोकांची चेष्टा करावीशी वाटत नाही. ज्याला वाईट वाटत नाही त्याने घरटं बघूच नये. पण कॅमेरा बंद झाला म्हणून घरट्यात काय फरक पडला? आपलं दिसणं थांबलं, एवढंच.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे आणि ते लपवून माझा मुद्दा मांडणं बरोबर नाही. वेल्समधल्या डायफी नदीच्या खोऱ्यात २०१२ च्या जूनमध्ये वादळी पाऊस लागला. नराला मासेमारी जमेना. तीनपैकी दोन पिल्लं गेली आणि तिसरं जायच्या बेतात होतं. तिथल्या मंडळींनी ते खाली आणलं, मासा भरवला आणि परत घरट्यात ठेवलं. ते जगलं, मोठं झालं, उडून गेलं. मग माझ्या मताचं काय? मला वाटतं त्यांनी केलं ते योग्यच केलं. ब्रिटनमधून हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला तो बंदुकवाल्यांमुळे आणि अंडी चोरणाऱ्यांमुळे. १९५४ च्या सुमारास एक जोडी स्कॉटलंडला परत आली, तर १९५८ साली लोक पहाऱ्यावर असतानाही लॉख गार्टनचं घरटं चोराने लुटलं! वेल्समध्ये २०१२ साली घरटी बोटांवर मोजण्याइतकीच होती. जिथे माणसाने पाटी कोरी करून ठेवलीय तिथे एकेका पिल्लाने फरक पडतो, आणि तिथे माणसाचं देणंही आहे. तसंच पिल्लाच्या पायात मासेमारीची नायलॉन दोरी अडकली तर ती सोडवायलाच हवी. ती दोरी निसर्गाने टाकलेली नाही.

म्हणजे प्रश्न 'हात घालायचा की नाही' हा नाहीच. हात आपण कधीचाच घातलेला आहे. प्रश्न आहे कुठे घालायचा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्क ते बोस्टन या पट्ट्यात १९५० ते १९७० या काळात दहातले नऊ ऑस्प्रे नाहीसे झाले. कारण घरट्यात शोधून सापडणारं नव्हतं. डासांसाठी फवारलेलं डीडीटी पाण्यातून माशांत आणि माशांतून मादीच्या अंगात गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की अंडी फुटायची. तेव्हा तिथे चोवीस तास कॅमेरा असता तर लोकांनी मादीलाच नावं ठेवली असती. लाँग आयलंडवरच्या काही शास्त्रज्ञांनी आणि रहिवाशांनी १९६६ साली तिथल्या डास-निर्मूलन विभागाला कोर्टात खेचलं. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. त्यानंतर घरटी हळूहळू पुन्हा भरली. आज कॅमेऱ्यावर पिल्लं दिसतात ती त्या खटल्यांमुळे आणि माणसांनीच रोवून दिलेल्या खांबांमुळे.

आमच्या कामात रोज हेच असतं. सर्व्हर मेला की रात्री दोन वाजता कुणीतरी उठून तो पुन्हा सुरू करतं. चालतो, छान वाटतं, झोप लागते. तो का मेला हे मात्र कुणी बघत नाही, कारण तक्रारच बंद झालेली असते.

व्हर्जिनियातल्या मॉबजॅक बे या खाडीत २०२३ साली १६७ घरट्यांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या फक्त १७ घरट्यांतून पिल्लं उडाली, सगळी मिळून २१. संख्या टिकायला जोडीमागे साधारण १.१५ पिल्लं लागतात. इथे तर ०.१३! मेनहेडन नावाचा तेलकट मासा कमी पडतोय, असं तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं. हा मासा खाद्य आणि तेल करण्यासाठी कारखान्याच्या जहाजांनी मोठ्या प्रमाणावर पकडला जातो. त्या उद्योगाला हे मान्य नाही. गंमत म्हणजे याच खाडीत २०२१ साली खरोखरच मासे टाकून पाहिले होते. काही घरट्यांना ठरावीक मेनहेडन दिले, काहींना दिले नाहीत. ज्यांना दिले तिथे जोडीमागे दुपटीहून जास्त पिल्लं वाचली. म्हणजे आई-बाप ठीक होते, घरटी ठीक होती. कमी होतं ते पाण्यात.

मासा टाकायचाच तर तो असा, काहीतरी शोधून काढण्यासाठी. तुमच्या-माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून एका घरट्यात टाकलेला मासा त्या एका पिल्लाला आठवडाभर पुरेल. शेजारच्या घरट्यावर कॅमेरा नसतो, तिथलं धाकटं तसंच जाईल.

तेव्हा येत्या जूनमध्ये कॅमेरा लावून बसलात तर वाईट वाटू द्या, त्यात लाजायचं काही नाही. फक्त बघता बघता एक वही जवळ ठेवा आणि नर दिवसात किती वेळा आला, कोणता मासा आणला, केवढा आणला, तेवढं लिहीत जा. मागच्या वर्षीपेक्षा फेऱ्या निम्म्या झाल्या असतील तर संस्थेला पत्र जरूर लिहा. पिल्लाबद्दल नको, पाण्याबद्दल लिहा.