सरकारी चिन्ह आणि ठेकेदार : मुद्रा आहे, मोर्तब कोठें?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या गांवीं एक पांढरी जीपगाडी आली. पुढच्या कांचेवर सिंहांचें राजचिन्ह, त्याखालीं मोठ्या अक्षरांत सरकारी योजनेचें नांव, आणि अगदीं तळाशीं, जवळ गेल्याशिवाय वाचतां येऊं नये अशा बारीक अक्षरांत, एका खाजगी पुरवठादाराचें नांव. उतरलेल्या दोघां इसमांच्या गळ्यांत ओळखपत्रें होतीं व त्यांवरहि तेंच चिन्ह होतें. त्यांनीं सौर पंपाची नोंदणी म्हणून सातबारा व आधारकार्ड यांच्या नकला घेतल्या, मोबाईलवर आलेला आंकडा विचारून घेतला, आणि पायाच्या कामाचा आगाऊ खर्च म्हणून कित्येकांकडून रोख रक्कमहि घेतली. पावसाळा सरला तरी पंप आला नाहीं. शेतकरी कचेरींत गेले तेव्हां उत्तर मिळालें कीं, हे आमचे इसम नव्हेत. पुरवठादाराकडे विचारतां उत्तर आलें कीं, हे आमच्या पोटठेकेदाराचे इसम. त्याचें काम आम्हीं केव्हांच काढून घेतलें आहे. या दोन उत्तरांच्या फटींत शेतकऱ्याचे पैसे गेले.

त्यांतील एक वृद्ध गृहस्थ पावती घेऊन मजकडे आले. मीं तहसील कचेरींत कारकुनी केलेली, तेव्हां मला कांहीं वाट काढतां येईल, अशी त्यांची समजूत. मीं विचारलें, "तात्या, पैसे देतांना खालचें नांव वाचलें नाहींत काय?" ते म्हणाले, "वाचायचं कशाला, भाऊसाहेब? वर सिंह होते कीं."

तात्यांच्या उत्तरांत मूर्खपणा नाहीं. सरकारच्या चिन्हावर विश्वास ठेवावा, हेंच तर सरकार प्रजेस शिकवीत आलें आहे. दोष आहे तो हें चिन्ह वाटेल त्याच्या गाडीवर चढूं देणाऱ्या शिथिलतेचा. ही शिथिलता कशानें थांबेल, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न ठाऊक होता. मराठेशाहींतील पत्रावर आरंभीं मुद्रा असे आणि मजकूर संपला कीं शेवटीं मोर्तब असे. मुद्रेनें हें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें त्याचा शब्द कोठें संपला तें कळे. मोर्तबाखालीं कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती धन्याची नव्हे, हें उघड होई. आजहि आपण 'शिक्कामोर्तब' असा जोडशब्द वापरतों. परंतु ठेकेदाराच्या बाबतींत त्यांतला शिक्का तेवढा राहिला आहे, मोर्तब गळून गेलें आहे. सरकारनें त्यास काम दिलें हें फलकावरून दिसतें. कोणतें काम, कोणत्या गांवापुरतें, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पैसे घेण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हें कोठेंच दिसत नाहीं.

याविषयीं कायदा नाहीं, असें कोणीं समजूं नये. सारनाथ येथील अशोकाच्या सिंहस्तंभावरून घेतलेलें राजचिन्ह ता. २६ जानेवारी १९५० रोजीं स्वीकारण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं चिन्हें व नांवें यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भारत सरकार व राज्य सरकारें यांचीं नांवें, चिन्हें व मोहोरा, तसेंच त्यांच्या खात्यांचीं चिन्हें, धंद्याच्या कामीं केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून कोणीं वापरूं नयेत, असा त्याचा आशय आहे. चिन्ह हुबेहूब नसून नुसतें फसवें साम्य असलें तरी ही मनाई लागू पडते. पुढें २००५ सालीं खास राजचिन्हासाठीं निराळा कायदा झाला. त्या मूळ कायद्यांत धंद्यांतील गैरलाभासाठीं राजचिन्ह वापरणारास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व पांच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेविली गेली.

त्या कायद्याखालीं २००७ सालीं जे नियम झाले, ते तर प्रत्येक सरपंचानें वाचण्याजोगे आहेत. नियमांनीं खास अधिकार दिल्याखेरीज सरकारी मालकीचे उद्योग, बँका, नगरपालिका, पंचायत राज्य संस्था, विद्यापीठें व सेवाभावी संस्था यांनाहि आपल्या पत्रव्यवहाराच्या कागदावर राजचिन्ह छापण्यास त्यांत मनाई आहे. जें चिन्ह अशा संस्थांसहि आपण होऊन छापतां येत नाहीं, तें ठेकेदाराच्या जीपगाडीवर कोणत्या न्यायानें बसतें?

मग कायदा असून हा प्रकार चालतो कसा? याचें एक कारण २००५ च्या कायद्यांतच आहे. त्याखालीं खटला भरण्यास केंद्र सरकारची, अथवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, पूर्वसंमति लागते. असें बंधन असणें गैर नाहीं. नाहींतर गांवच्या भाऊबंदकींत रोज एक फिर्याद उभी राहील. परंतु त्यामुळें कायदा शेतकऱ्यापासून दूर राहतो. गाडी गांवांत असते आणि संमति दिल्लीकडे असते. संमति येईपर्यंत गाडी तिसऱ्या तालुक्यांत गेलेली असते. जवळचा उपाय एकच, आणि तो काम देणाऱ्या कचेरीच्या हातांत आहे. तो म्हणजे करारनामा. ठेकेदार कायद्यास कदाचित् भीत नसेल. परंतु आपलें देयक अडेल यास तो निश्चित भितो, हें कचेरींत बसून मीं पुष्कळ पाहिलें आहे.

येथें एक आक्षेप येईल, व तो खरा आहे. प्रामाणिक ठेकेदारासहि कांहीं ओळख लागते. शेतांत मोजणीचें यंत्र लावणारा, खांब रोवणारा, ठिबकची जुळणी तपासणारा मनुष्य कोणाच्या कामावर आला आहे हें न कळल्यास शेतकरी त्यास बांधावरच अडवील, आणि तें योग्यच होईल. म्हणून खात्याचा उल्लेखच बंद करा, असें माझें म्हणणें नाहीं. उल्लेख असावा, परंतु ठेकेदार म्हणजे खातें नव्हे, हें त्याच फलकावरून कळावें.

परदेशांतील एक उदाहरण या ठिकाणीं उपयोगी पडेल. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या आश्रयाखालीं चालणाऱ्या 'फोर-एच' या मुलांच्या मंडळांचें चिन्ह चार पाकळ्यांचें हिरवें पान हें आहे. त्याचा कपटानें वापर करणें तेथें गुन्हा आहे. आणि परवानगी मिळालेल्यानेंहि तें अशा रीतीनें वापरूं नये कीं एखाद्या व्यापाऱ्याच्या मालास खात्याची शिफारस आहे असा भास व्हावा, असा नियम आहे. परवानगी म्हणजे शिफारस नव्हे, हा भेद आपल्याकडेहि करारांत लिहिला गेला पाहिजे.

माझ्या अल्प मतीस सुचणाऱ्या अटी अशा :

पहिली अट, राजचिन्ह ठेकेदाराच्या गाडीवर, पावतीवर वा ओळखपत्रावर मुळींच नसावें. दुसरी, खात्याचें नांव वा चिन्ह लेखी परवानगीनेंच व त्या एका कामापुरतेंच वापरावें. आणि फलकावर ठेकेदाराचें स्वतःचें नांव खात्याच्या नांवापेक्षां मोठ्या अक्षरांत असावें. तिसरी, त्याच फलकावर कार्यादेशाचा क्रमांक, गांवें व मुदतीची तारीख लिहावी, आणि रोख रक्कम घेण्याचा अधिकार नसल्यास तसें स्पष्ट शब्दांत लिहावें. चौथी, ही परवानगी पोटठेकेदारास देतां येऊं नये. त्याच्या माणसांनीं चिन्ह वापरल्यास जबाबदारी मूळ ठेकेदाराची राहावी. पांचवी, काम संपलें वा काढून घेतलें कीं फलक, ओळखपत्रें व पावतीपुस्तकें कचेरींत जमा करावीं, आणि तीं जमा झाल्याचा दाखला असल्याशिवाय शेवटचें देयक व अनामत रक्कम देऊं नये.

या पांचव्या अटीस मीं सर्वांत अधिक महत्त्व देतों. काम देतांना कागद पुष्कळ होतात. काम काढून घेतांना मात्र ओळखपत्र परत मागण्याची आठवण कोणास राहत नाहीं. तात्यांचे पैसे त्या विसरलेल्या ओळखपत्रानेंच नेले.

आतां आपल्या बाजूचेंहि पाहूं. आपण शेतकरी सर्व चिन्हें एकाच माळेंत ओंवतों, ही चूक आहे. आयएसआय चिन्ह मालाच्या दर्जाचें आहे. ठिबकच्या नळीवर तें असल्यास त्यासोबत मानकाचा क्रमांक व परवान्याचा क्रमांक असावयास पाहिजे, आणि तो परवाना खरा कीं खोटा हें मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल साधनावर पाहतां येतें. ॲगमार्क हें १९३७ च्या कायद्यानें आलेलें शेतमालाच्या प्रतवारीचें चिन्ह आहे. हीं दोन्हीं चिन्हें मालाविषयीं साक्ष देतात. माल विकणारा मनुष्य सरकारचा आहे, अशी साक्ष तीं देत नाहींत. सौर पंपाच्या बाबतींत तर केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें, कुसुम योजनेच्या नांवानें नोंदणीशुल्क उकळणाऱ्या खोट्या संकेतस्थळांविषयीं वारंवार जाहीर इशारे दिलेले आहेत. ते इशारे आपल्या चावडीवर कोणीं वाचून दाखविले काय?

म्हणून आपल्या संस्थेनें दोन गोष्टी कराव्या, अशी माझी सूचना आहे. तालुक्यांत ज्या ज्या खात्याचीं कामें ठेक्यानें चालू आहेत, त्यांची ठेकेदाराच्या नांवासह व मुदतीसह यादी मागवून ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आणि वरील अटी करारनाम्यांत घालाव्या असा ठराव येत्या ग्रामसभांतून मंजूर करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. यांत सरकारास पैशाचा खर्च नाहीं, आणि प्रामाणिक ठेकेदारास तोटा नाहीं. उलट खोट्या माणसामुळें त्याच्या नांवास लागणारा बट्टा टळेल.

तात्यांच्या पावतीबद्दल मीं तक्रारअर्ज लिहून दिला आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हां लागेल. तोंवर त्यांनीं आपल्या परीनें एक नियम केला आहे. परवां एक विम्याचा इसम त्यांच्या ओट्यावर आला, तेव्हां ते म्हणाले, "सिंह दिसले, बाबा. आतां तुझं नांव वाच, आणि तुझी तारीख कवा संपते तें सांग."