आरशातली प्रत

हैदराबादेत अफझलगंजला मुसीच्या काठी पूर्वीचे आसफिया, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे. याच मुसीने सप्टेंबर 1908 मध्ये शहराचा मोठा भाग धुऊन नेला होता. पुस्तकांना पाण्याचे भय असते, हे या गावाला सांगावे लागत नाही. याच शहरातली ट्रिपल आयटी पुढे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाचे एक मोठे केंद्र झाली आणि जुनी पुस्तके पानापानाने डिस्कवर चढली. त्यांत मराठीही होती.

डिस्क मात्र कधीतरी मरतेच. त्यावर 1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तोड मांडली: एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा. तेच हे 'रेड'. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून 4 टीबीच्या चार डिस्क आणल्या असे समजा. रेड 0 मध्ये मजकूर चौघींत वाटला जातो. 16 टीबी जागा मिळते, वेगही वाढतो, पण एक गेली की सगळेच गेले. नाव रेड, पण संरक्षण शून्य. रेड 10 मध्ये जोडीजोडीने आरसा धरलेला असतो; जागा 8 टीबी. रेड 5 मध्ये 12 टीबी मिळतात आणि एका डिस्कचा मृत्यू पचतो. तो कसा? चौघींवर विखुरलेल्या ताळ्याच्या नोंदींवरून हरवलेला आकडा परत काढता येतो, बेरीज ठाऊक असली की राहिलेली संख्या निघते तसा.

हा हिशेब दिसतो तितका स्वस्त नाही. मेलेलीच्या जागी बसवलेली नवी 4 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबीच्या वेगाने भरायची तरी सात तासांवर जातात, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिघींना अखंड राबावे लागते. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतात. दुसरीने त्याच वेळी मान टाकली तर रेड 5 संपले. मोठ्या डिस्कना म्हणून रेड 6 बरे. त्यात दोन गेल्या तरी चालते.

पण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. आरसा समोर असेल तेच दाखवतो. चुकून फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस, चोरी, तळमजल्यात शिरलेले पाणी यांपुढे चारच काय, चाळीस डिस्कही एकच. डिजिटल लायब्ररीचे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी बंद झाले ते प्रताधिकाराच्या प्रश्नावरून. तिथे कोणता रेड उपयोगी पडणार होता? त्यातली लाखो पुस्तके आज वाचता येतात, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे दुसऱ्याच्या घरी, पोचल्या होत्या.

ज्या छायाचित्रकाराला लग्नाचे चित्रण रोज संपादित करायचे आहे, त्याने वेगासाठी रेड 0 खुशाल वापरावे. मूळ चित्रण दुसरीकडे असले म्हणजे झाले. घरच्या फोटोंना दोन डिस्कचा आरसा पुरे. त्यावर दोन सुट्या डिस्क घ्याव्यात, त्यांतली एक नांदेडला बहिणीकडे ठेवावी आणि दर दिवाळीला जाताना ताजी देऊन जुनी परत आणावी.