घर सोडू पाहणाऱ्या मुलाचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला, की लातूर, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ अशा ठिकाणांहून सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली पुण्याची वाट धरतात. आणि त्यांच्यापैकी काही जण, वसतिगृहात अथवा नातेवाइकांच्या आश्रयाला न राहता, स्वतंत्र खोली घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर राहण्याचा मनोदय घरात बोलून दाखवतात. या मनोदयाविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप आपल्याकडे इतके सरावाचे झाले आहेत, की ते पारखून घेण्याची गरजच कोणास वाटत नाही. ते पारखावेत, त्यांत ग्राह्य असेल ते पदरात घ्यावे आणि त्याज्य असेल ते निःसंकोचपणे टाकावे, एवढ्यासाठी हा लेख. माझा पक्ष आरंभीच सांगून टाकतो. घराबाहेर पडू पाहणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनी अडवू नये, त्याच्याकडून लेखी जमाखर्च मागावा. आणि तो मागण्याचा हक्क त्याच घराला पोहोचतो, ज्याने आपला स्वतःचा जमाखर्च मुलापासून लपवून ठेवलेला नाही.

पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो. मिसरूड फुटण्याच्या वयात मुलाने आईबापांचे छत्र सोडून वेगळी चूल मांडावी हा पाश्चात्त्यांचा आचार होय, आपल्या कुटुंबसंस्थेशी तो विसंगत आहे आणि त्याच्या मुळाशी कृतघ्नतेखेरीज दुसरे काही नाही, असे या पक्षाचे म्हणणे. आपल्याच इतिहासाकडे पाहिले तर हे म्हणणे क्षणभरही टिकत नाही. पुण्यात वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी वयाने केवढे होते? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उघडले आणि त्यामागून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली, ती घर सोडून आलेल्या कोवळ्या मुलांसाठीच. साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व त्याच्या पायाशीच घातले. स्वतःच्या श्रमाने स्वतःचा चरितार्थ चालवीत शिकणारा मुलगा त्यांना कुटुंबद्रोही वाटला नाही.

याहूनही बोलके उदाहरण गिरणगावाचे आहे. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेली कोवळी पोरे गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या एकाच खोलीत दाटीने राहत. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे. पहिल्या पाळीचा गडी उठून कामावर गेला, की रात्रपाळी करून आलेला त्याच जागी अंग टाकी. तिथला जमाखर्च कोणी शाळेत शिकवलेला नव्हता, पण त्याचा क्रम मात्र पक्का होता. पगार हातात पडला, की आधी खोलीची वर्गणी, मग खानावळवाल्या बाईचा महिना, मग गावाकडची मनीऑर्डर, आणि या तिन्हींतून जे उरेल ते आपले. खर्चाच्या या क्रमात जे शहाणपण आहे, ते आजच्या कित्येक पदवीधरांच्या व्यवहारात आढळत नाही. आणि त्या मनीऑर्डरीच्या आधारावर गावाकडे घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, धाकटे भाऊ शिकले. तेव्हा घर सोडणे आणि घराशी इमान राखणे यांत मूळचा विरोध आहे, असे निदान महाराष्ट्राने तरी म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला उत्तरही अधिक काळजीपूर्वक दिले पाहिजे. पोरांना पैशातले काय कळते, असे तो विचारतो. आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मनुष्य अज्ञान गणला जातो; १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमान्वये त्याला करार करता येत नाही; आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्यवत् होय, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबीच्या खटल्यात कायमचे ठरवून टाकले. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या सहीने भाड्याचा करारनामा करता येत नाही, तिथे पालकाची सही लागते. उत्पन्नाचीही तीच गत आहे. गियरच्या दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही, त्यामुळे घरपोच माल पोहोचवण्याच्या ज्या कामावर आजची मुले भरवसा ठेवतात, ते सतराव्या वर्षी कायद्याच्या चौकटीत बसत नाही. हे सर्व मला मान्य आहे, आणि अठरा पुरी होण्याआधी पालकांच्या संमतीवाचून खोली घेण्याचा बेत कोणी करीत असेल, तर तो बेत चुकीचा आहे असेच मी सांगेन.

परंतु कायद्याने अज्ञानास करार करण्याची बंदी केली, हिशेब शिकण्याची केली नाही. उलट, दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडण्याची व चालवण्याची मुभा बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच कळवलेले आहे. दहाव्या वर्षी ज्याला खाते चालवता येते, त्याला सतराव्या वर्षी पैशातले काही कळत नसेल, तर मधल्या सात वर्षांत त्याला काय शिकवले, हा प्रश्न मुलाला विचारायचा नसून घराला विचारायचा आहे.

या संदर्भात गांधीजींच्या विद्यार्थिदशेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा त्यांना एकोणीस पुरी व्हायची होती. आणि पैसा थोरल्या भावाचा होता. लंडनमध्ये त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवण्याचा परिपाठ घालून घेतला: बसभाडे, टपालखर्च, वर्तमानपत्रावर गेलेली किरकोळ नाणीसुद्धा वहीत उतरत आणि रोज रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवली जाई. पुढे त्या वहीनेच त्यांना दाखवून दिले, की खर्च निम्म्यावर आणता येण्यासारखा आहे. तेव्हा त्यांनी एका कुटुंबात पैसे भरून राहणे सोडले, स्वतंत्र खोल्या घेतल्या, मग त्यांतूनही एका खोलीवर आले, चूल आणून सकाळचे खाणे स्वतः शिजवू लागले आणि जिथे पायी जाता येईल अशा बेताने बिऱ्हाड निवडून गाडीभाडे वाचवले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वेगळे राहण्याने त्यांचा खर्च वाढला नाही, उतरला. आणि तो उतरला याचे कारण आधी वही होती, निर्णय मागून आला. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत त्यांनी पुढे जो काटेकोरपणा आयुष्यभर पाळला, त्याचे मूळ त्यांनी स्वतःच या सवयीत सांगितले आहे.

आता तिसरा आक्षेप. हा वडीलधाऱ्यांचा नसून खुद्द तरुणांचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक होय. आकडे मांडत बसले तर कोणी कधी घराबाहेर पडणारच नाही, एकदा उडी घेतली की हातपाय आपोआप हलतात, असे ही मुले मोठ्या आवेशाने म्हणतात. त्यांचा आवेश मला प्रिय आहे, त्यांचे गणित मात्र खोटे आहे. कारण ती एकच आकडा मनात धरतात, खोलीचे भाडे. प्रत्यक्षात भाडे हा खर्चाचा निम्माही भाग नसतो. उदाहरणादाखल एक अंदाजपत्रक मांडून पाहू. आकडे पेठेप्रमाणे आणि उपनगराप्रमाणे कमीअधिक होतील, पण रचना हीच राहील. समजा, कॉट बेसिसवर दरमहा ४,५०० रुपयांत जागा मिळाली आणि मेसचे ३,२०० ठरले. मेस बहुधा रविवारी संध्याकाळी बंद असते आणि सकाळचा चहा-नाश्ता तीत धरलेला नसतो, म्हणून त्याचे १,२०० वेगळे. बसचा पास आणि अधूनमधून रिक्षा मिळून ९००, फोन ३००, विजेच्या बिलातला वाटा ३००, साबण-तेल-इस्त्री ५००, औषधपाणी ३००. बेरीज ११,२०० होते. आणि यात पुस्तके नाहीत, परीक्षेची फी नाही, दिवाळीला गावी जाण्याचे एस. टी.चे भाडे नाही.

हा झाला चालू खर्च. पहिल्या दिवशी लागणारी रक्कम त्याहून निराळी. दोन महिन्यांचे भाडे अनामत ९,०००, चालू महिन्याचे ४,५००, दलालाचे एका महिन्याचे ४,५००, गादी-उशी-बादली-ताटवाटी यांचे ३,००० आणि मेसचे आगाऊ ३,२००, म्हणजे खोलीला कुलूप लावण्याआधीच २४,२०० रुपये हातचे गेले. यांतील अनामत ही खर्च नव्हे, परत येणारी रक्कम आहे. पण ती परत येईपर्यंत वापरता येत नाही, आणि रंगकामाच्या नावाखाली तिला कात्री लागू शकते, हे मुलाला आधीच ठाऊक हवे. शिवाय नोकरी सुटली, आजारपण आले, तर तीन महिने तगण्याची बेगमी म्हणून ३३,६०० बाजूला हवेत. एकूण ५७,८००. ज्याच्यापाशी हे आहेत, किंवा ते कोठून येणार याची लेखी तजवीज आहे, त्याने अवश्य जावे. ज्याच्यापाशी नाहीत त्याने सहा महिने थांबून ते जमवावेत; ही थांबण्याची मुदत ठरवून घेतलेली असली, की थांबणे म्हणजे शरणागती राहत नाही.

सरकारी साहाय्यावर विसंबणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे. तिच्यामुळे कित्येक घरांतले पहिले मूल शहरात टिकले. पण महिन्याला ती ५,००० पडते, आणि ती दरमहा हातात न येता हप्त्याने खात्यावर जमा होते; तेव्हा हप्त्याची वाट पाहण्याच्या काळात घरमालकाचे भाडे कशातून द्यायचे, याचे उत्तर वहीत आधी असले पाहिजे.

एवढे खंडन झाल्यावर मंडनाचा मुख्य मुद्दा येतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मिळकत आणि कर्ज या गोष्टी मुलांपासून झाकून ठेवण्याची रीत आहे, आणि ती प्रेमापोटी पाळली जाते. बापाला पगार किती, घरावर कर्ज किती, आजीच्या औषधाला महिन्याला काय लागते, हे सतरा वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते. त्याला फक्त 'परवडत नाही' हे दोन शब्द ऐकू येतात, आणि तेही जी वस्तू त्याला हवी असते नेमकी तेव्हाच. मग तो असे समजतो, की पैशाचा नकार हा मायेचा नकार आहे; आणि घर सोडण्याची भाषा रागाची होते ती येथूनच. ज्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सर्वांसमोर उघडली जाते, त्या घरात हाच विषय वाटाघाटीचा होतो. घराचा हिशेब पाहिल्याने मूल अकाली प्रौढ होते, ही भीती मला निराधार वाटते. अज्ञानात ठेवलेले मूल पुढे पहिल्याच दलालापुढे अकाली प्रौढ होते, आणि ते अधिक क्लेशदायक असते.

म्हणून दहावीनंतर मुलाकडे घरातला एखादा खरा खर्च सोपवावा. वाणसामानाची यादी किंवा वीजबिल यांपैकी काही. जाण्याआधी तीन महिने त्याने आपल्या नियोजित अंदाजपत्रकातच घरी राहून दाखवावे: भाडे आणि मेस यांची रक्कम दरमहा स्वतःच्या खात्यात बाजूला टाकावी व उरलेल्यात भागवावे. त्यातून बेगमीही जमते आणि परीक्षाही होते. करारनाम्याचा दस्त बापलेकांनी एकत्र बसून वाचावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी असणे आणि नोंदवणे आवश्यक आहे व ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे मुलाला तोंडपाठ असावे. तोंडी ठरावावर अनामत मोजणारा मुलगा भांडणाच्या वेळी रिकाम्या हाताने उभा राहतो.

मुलींच्या बाबतीत हे सारे दुप्पट आग्रहाने सांगायला हवे. मुलाला निदान 'पैसे आहेत का' असे विचारले जाते. मुलीचा प्रश्न तिथपर्यंत येऊच दिला जात नाही, सुरक्षिततेच्या नावाने तो आधीच मिटवला जातो. सुरक्षितता हवीच; पण बरी वस्ती, नीट कुलूप, स्टँडपासून जवळची खोली आणि उशीर झाल्यास रिक्षाचे पैसे या सर्वांना किंमत पडते, म्हणजे तीही अंदाजपत्रकातली रक्कमच आहे. ती रक्कम मांडून तिची तजवीज करणे हे बापाचे काम. ती पुढे करून दार लावून घेणे हे नव्हे.

एक अपवाद मात्र स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. ज्या घरात मारहाण आहे, अत्याचार आहे, तेथल्या मुलाला आधी जमाखर्च मांड असे सांगणे क्रौर्याचे होईल. अठरा वर्षांखालील अशा मुलामुलींसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे; तेथे आधी सुटका, मग हिशेब.

बाकीच्या घरांना माझी विनंती आहे. यंदाच्या जूनमध्ये प्रवेशाची धांदल सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी आपली मिळकत, आपले कर्ज आणि दरमहाचा खर्च एका कागदावर लिहा, तो कागद मुलापुढे ठेवा, आणि त्याच्याकडून त्याचा कागद मागा.