उलटलेली गाडी उचलणारा

हिवाळ्यातील संध्याकाळ. इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावातील सभागृहात दहा-बारा जण जमतात. कुणी शाळकरी मुलगा, कुणी सेवानिवृत्त गृहस्थ, कुणी गॅरेजमधला कारागीर. प्रत्येकाच्या पेटीत वीतभरही लांब नसलेली एक मोटार असते, खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्शाची. आज क्लबची शर्यत असते. खेळाचे नाव स्लॉट कार रेसिंग.

या खेळाला घराघरांत नेले फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज उद्योजकाने. १९५२ सालापासून त्याच्या कारखान्यात चावीच्या मोटारी तयार होत. १९५७ साली त्याने विजेवर धावणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या आणि जुन्या ‘स्केलेक्स’ या नावाला वीज जोडून ‘स्केलेक्सट्रिक’ हे नाव दिले. १९६०च्या दशकात या खेळाचे मोठे वेड पसरले. दशक संपता संपता ते ओसरले. पण खेळ संपला नाही. क्लबांनी तो जपला.

रचना साधी असते. धावपट्टीवर प्रत्येक गाडीसाठी एक खाच. गाडीच्या पोटाखालची खुंटी त्या खाचेत बसते आणि खाचेच्या दोन्ही कडांच्या धातूच्या पट्ट्यांतून मोटारीला वीज मिळते. स्टिअरिंग नाही, वेगळा ब्रेक नाही. खेळाडूच्या हाती फक्त एक खटका. दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. नवशिक्या खटका दाबूनच धरतो आणि पहिल्याच वळणावर त्याची गाडी खाचेतून उडून पडते. मुरलेल्या खेळाडूचे सारे कौशल्य खटका नेमका कुठे सोडायचा, यात असते.

शर्यत न्याय्य व्हावी म्हणून क्लब बरीच काळजी घेतात. आतल्या खाचेचे वळण आवळ असते, बाहेरच्या खाचेचे ऐसपैस. म्हणून प्रत्येक खेळाडू प्रत्येक खाचेवर सारखाच वेळ धावतो आणि त्याच्या साऱ्या फेऱ्यांची बेरीज होते. गाडीला पट्टीशी धरून ठेवणारे चुंबकही अनेक क्लब काढायला लावतात. मग उरते ते केवळ बोटाचे कसब.

पण खरी कसोटी खटका खाली ठेवल्यावर लागते. एका तुकडीची शर्यत संपली की तेच खेळाडू वळणावळणांवर उभे राहतात. दुसऱ्या तुकडीची गाडी घसरली की ती उचलून पुन्हा खाचेत बसवायची, हे त्यांचे काम. या कामगिरीला मार्शल म्हणतात.

समजा, बारा वर्षांच्या एका मुलाची बेरीज फळ्यावर लागली आहे. तो पहिला आहे. आता त्याचा प्रतिस्पर्धी धावतो आहे, अगदी बरोबरीने. शेवटच्या मिनिटाला त्याची गाडी उडते आणि नेमकी या मुलाच्या पायाशी पडते. वाकायला दोन सेकंद उशीर केला, तर पहिला क्रमांक शाबूत. कुणाला कळणारही नाही. इतक्या घाईत हात अडखळला, असेच सगळे म्हणतील.

मुलगा झटकन वाकतो, गाडी उचलतो, खाचेत बसवतो. गाडी निघून जाते आणि कदाचित त्याचा पहिला क्रमांकही.

हा हिशेब तिथल्या मुलांना लवकर उमगतो. आज याची गाडी उचलली नाही, तर उद्या आपली कोण उचलणार? पंच नेमून, दंड ठोठावून असा क्लब चालत नाही. तो या विश्वासावर चालतो.

मुलांनी जिंकावे, असे प्रत्येक आईवडिलांना वाटते आणि त्यात गैर काही नाही. मात्र मूल घरी आले की ‘कितवा आलास?’ या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘आज कुणाची पडलेली गाडी उचललीस?’