सौम्य ऋतूंचें बेट

जें छळीत नाहीं त्याची आठवण आपण सहसा ठेवीत नाहीं. तुफान पावसाच्या आणि करपून टाकणाऱ्या उन्हाच्या गोष्टी वर्षानुवर्षें सांगितल्या जातात. पण मार्गशीर्षांतील एखादी निवांत सकाळ कोणाच्या स्मरणांत असते? गतवर्षीं वैशाखांत इंग्लंडास चिरंजीवांकडे जाण्याचा योग आला, आणि साठी उलटल्यावर मला ही गोष्ट नव्यानें समजली.

खरें सांगावयाचें तर मी मनांत अढी धरूनच निघालों होतों. चिरंजीवांनीं तिकडे कायमचें घर घेतलें तेव्हां, "त्या कुंद, ओल्या बेटावर माणसानें राहावें तरी कसें?" असें मीं त्यांस सुनावलें होतें. त्यानंतर चार वर्षें आम्हां उभयतांत क्षेमकुशलापलीकडे बोलणें नव्हतें. घरांतील मंडळींनीं आग्रह धरला म्हणूनच मी गेलों.

रत्नागिरी सोडली तेव्हां अंगावर घामाच्या धारा होत्या. लंडनच्या वायव्येस हॅरो येथें उतरलों, तों ऊन आपल्या पौषांतल्या सकाळसारखें कोवळें! शेजारचे वृद्ध गृहस्थ 'आज ऊन पडलें' म्हणून हर्षभरित झालेले. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा पहिलाच सर्ग ग्रीष्माचा. तो शिकवीत आयुष्य गेलेल्या मला सूर्य म्हणजे ताप हेंच ठाऊक. सूर्य हा पाहुण्यासारखा स्वागतार्ह असूं शकतो, हें तेथें दिसलें.

दुसरे दिवशीं भुरभुर लागली. मी छत्री शोधूं लागलों, तों नातू हंसून म्हणाला, "आजोबा, ह्याला आम्ही पाऊस म्हणत नाहीं." मग हिशेब पाहिला. लंडनास सबंध वर्षांत सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीस ३,००० हून अधिक, आणि एकट्या जुलैंतच लंडनच्या वर्षापेक्षां जास्त! ज्या बेटास मीं ओलें म्हणून नांवें ठेविलीं, त्याच्या पांचपट ओल्या गांवीं मी जन्म काढला होता.

लंडन उत्तरेस ५१ अक्षांशांच्याही पलीकडे. त्याच सुमाराच्या अक्षांशांवर, अटलांटिकच्या दुसऱ्या तीरास, लॅब्राडॉरच्या किनाऱ्यालगतचा समुद्र हिंवाळ्यांत गोठतो. लंडनास मात्र जानेवारींतील दुपारचें उष्णमान सरासरी ८ अंशांच्या आसपास, जुलैंतील २३-२४. कारण पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. शिवाय दक्षिणेकडून उबदार प्रवाह येतात, आणि पश्चिमेचे वारे ती ऊब बेटावर आणून सोडतात. आपणांवरही सागराची हीच कृपा आहे. मे महिन्यांत नागपूर ४३ अंशांपर्यंत तापतें, तेव्हां रत्नागिरी ३३ च्या आसपास थांबते. हें सौम्यपण मात्र गृहीत धरूं नये. १९ जुलै २०२२ रोजीं इंग्लंडांत प्रथमच ४० अंशांची मर्यादा ओलांडली गेली. ऊब कोंडून धरण्यासाठीं बांधलेल्या त्या घरांतून माणसांचे हाल झाले.

ज्येष्ठांत तेथें दिवस साडेसोळा तासांचा. सव्वानऊ होऊन गेल्यावर सूर्य मावळे, तेव्हां माझी सायंसंध्या! सूनबाई बिचाऱ्या जेवणाचीं पानें मांडून तिष्ठत. एके सायंकाळीं संध्या आटोपून मी अंगणांत आलों. चिरंजीव एकटेच बसले होते. ते हलकेंच म्हणाले, "बाबा, पहिल्या हिंवाळ्यांत चारच्या आंतच अंधार पडे, तेव्हां आपला समुद्र आठवून रडूं येई. कोणास सांगितलें नाहीं. मग मार्चांत एके दिवशीं गवतांतून पिवळीं फुलें वर आलेलीं पाहिलीं, आणि वाटलें, राहतां येईल."

ज्यास मीं पाषाणहृदयी ठरविलें होतें, तो माझा मुलगा परक्या आभाळाखालीं एकटा रडला होता. मला क्षमा मागतां आली नाहीं. बापास ती सहजीं येत नाहीं. मी एवढेंच म्हणालों, "हवा फार छान आहे रे इथली." त्यांस उमगलें असावें. आम्ही अंधार पडेपर्यंत तेथेंच बसून राहिलों.

वाचकहो, सौम्य हवेसारखींच सौम्य माणसेंही घरोघर असतात. तीं आवाज चढवीत नाहींत, म्हणून त्यांचें दुःख कोणी विचारीत नाहीं. कडक स्वभावाची दखल घर आपोआप घेतें. सौम्यपणाची मुद्दाम घ्यावी लागते.

हल्लीं दर रविवारीं दूरध्वनीवर आमचें बोलणें हवेपासूनच सुरू होतें. मात्र तेथें थांबत नाहीं.